चेसिंगची ट्रिप संपताना गाडीतलं सामान कुणाला आणि कसं द्यायचं

दोन आठवडे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस असं वादळांच्या मागे फिरून झालं की शेवटच्या दिवशी गाडीची डिकी उघडून बघा, मग कळेल मी हे का लिहितोय ते. आइस बॉक्स, घडीच्या खुर्च्या, दोन हेल्मेट, वेदर रेडिओ (वादळाची वॉर्निंग आली की ओरडून उठवणारा), टायरमध्ये हवा भरायचा पंप, गाडी ओढायचा पट्टा, आग विझवायचा छोटा सिलिंडर, पाण्याच्या बाटल्यांची अर्धी पेटी, चादरी, इन्व्हर्टर, वायरींचा गुंता आणि सीटखाली न फोडलेली चिप्सची पाकिटं. यातलं बहुतेक आपण तिथे उतरल्यावर पहिल्याच दिवशी कुठल्यातरी मोठ्या दुकानातून घेतलेलं असतं कारण पुण्या-मुंबईहून एवढं कोण नेणार, आणि परत आणायचं म्हटलं तर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आधीच ट्रायपॉड आणि घरच्यांच्या खरेदीने भरलेल्या.

पहिल्या ट्रिपला आम्ही तिघं शेवटच्या रात्री एक वाजता मोटेलवर पोचलो, सकाळी सहाची फ्लाइट, डोळे मिटत होते, आणि चांगलं चालणारं सामान मागच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आम्ही निघालो. त्यात एक वेदर रेडिओ होता, खोक्यासकट, अगदी नवाकोरा. घरी पोचल्यावर दोन दिवसांनी सवयीने रडार उघडलं तर त्याच काउंटीवर (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यावर) टोर्नेडो वॉर्निंग लागलेली, रात्रीची, तिथली सगळी माणसं झोपलेली असतील अशा वेळेची. ते मला अजून टोचतं. आपण विमानात बसतो आणि आपल्यासाठी सीझन संपतो, पण त्या लोकांसाठी मे-जून अजून उरलेला असतो. तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला सामान नीट देऊनच निघायचं असं ठरवलंय आणि त्यातून जे काही शिकलो ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो.

पायरी १: चार-पाच दिवस आधी सुरुवात करा

शेवटच्या दिवशी द्यायचं म्हटलं की काहीच दिलं जात नाही, कारण शेवटचा दिवस आपल्या हातात नसतोच. वादळ नेब्रास्कात गेलं की तुम्ही नेब्रास्कात, आणि फ्लाइट असते डॅलस किंवा डेन्व्हरहून, म्हणजे रात्रभर ड्राइव्ह. म्हणून स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा (अमेरिकन हवामान खात्याचं वादळांचं केंद्र) आउटलुक (अंदाज) बघतानाच, म्हणजे तुम्ही तो रोज सकाळी बघणारच आहात, पुढचा डाउन डे (वादळ नसलेला मोकळा दिवस) कुठला ते हेरून ठेवा. त्यांचे आउटलुक आठव्या दिवसापर्यंतचे असतात, त्यामुळे वर रिज (जास्त दाबाचा पट्टा) बसतोय, दोन दिवस काही उठणार नाही, हे साधारण आधी कळतं. तो दिवस लाँड्रीला आणि सामान वाटायला ठेवायचा.

आणि कॅलेंडर बघा. मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, तिकडची सुट्टी, आणि तो बरोब्बर आपल्या सीझनच्या मधोमध येतो. त्या वीकेंडला डोनेशन घेणाऱ्या जागांच्या वेळा बदलतात. साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेची थ्रिफ्ट स्टोअर्स (दान आलेलं जुनं सामान विकणारी दुकानं) तर रविवारी बंदच असतात. आमचं एकदा असंच झालं, दुकानाच्या दारात उभे, आत अंधार. दाराबाहेर सामान ठेवून निघून जायचा मोह होतो, पण तसं करू नका, पाऊस आला तर सगळं भिजून शेवटी ते कचऱ्यातच जातं आणि उचलायचं काम त्यांच्या माथी.

पायरी २: सगळं बाहेर काढा आणि आधी काय नेता येणार नाही ते बघा

मोटेलच्या पार्किंगमध्ये एक चादर पसरा आणि डिकी, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालचं, दारांच्या खिशातलं, सगळं त्यावर ओता. मग एकेक वस्तू हातात घेऊन ठरवायचं. इथे भारतात परतणाऱ्यांनी जरा थांबून वाचा, कारण काही वस्तू वजनात बसल्या तरी आणता येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं सॅटेलाइट कम्युनिकेटर, म्हणजे उपग्रहातून मेसेज पाठवायचं उपकरण. प्लेन्समध्ये, म्हणजे त्या मधल्या सपाट राज्यांत, मोबाइलला रेंज नसलेले पट्टे आहेत म्हणून बरेच चेसर गार्मिनचा इनरीच वगैरे ठेवतात, तिथे ती अगदी साधी वस्तू आहे. भारतात मात्र परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं उपकरण आणणं बेकायदेशीर आहे आणि २०२४ च्या शेवटी गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना यावरून ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा हे तिकडेच कुणाला तरी द्यायचं, बॅगेत टाकून बघू काय होतं ते असं अजिबात करायचं नाही. ड्रोनचंही तसंच, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला भारतात बंदी आहे. आणि पाच वॅटचे ते ड्युअल बँड वॉकीटॉकी, ते वायरलेस सेट आहेत, त्यांनाही लायसन्स लागतं.

मग विमानाचे नियम. पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या बॅगेतून चालते, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. म्हणजे लॅपटॉप चार्ज करायला घेतलेलं ते हँडलवालं पॉवर स्टेशन परत येऊ शकत नाही, ते कितीही महागाचं असो. गाडी जंपस्टार्ट करायची लिथियम बॅटरी असेल तर तिच्यावरचा आकडा वाचा. आग विझवायचा सिलिंडर, पंक्चरवर मारायचा फोमचा कॅन, छोट्या शेगडीचा गॅस आणि पेट्रोलचा वास येणारा रिकामा कॅन, यातलं काहीही विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतसुद्धा नाही.

तिसरं म्हणजे भारतात आणून उपयोग नाही अशा वस्तू, आणि यात लोक सारखे फसतात. वेदर रेडिओ फक्त १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधली सात स्टेशनं पकडतो, ती अमेरिकेच्या हवामान खात्याची आहेत, इकडे त्यावर नुसती खरखर ऐकू येईल. तिकडच्या इन्व्हर्टरमधून ११०-१२० व्होल्ट निघतात, आपल्याकडची उपकरणं २३० ची. चार्जरवर इनपुट १००-२४० लिहिलेलं असेल तर आणा, नुसतं १२० असेल तर नको. याउलट १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप इकडच्या गाडीतही मस्त चालतो, आणि वारा मोजायचा हातातला केस्ट्रेल मी तर कुणालाच देणार नाही, एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या आधी गच्चीवर उभं राहून मी अजून तो वापरतो.

पायरी ३: साफ करा, आणि आपलं नाव-गाव पुसून टाका

ओक्लाहोमाची लाल माती ज्याने बघितलीय त्याला सांगायला नको, ती कापडात घुसली की दोन धुण्यांत निघत नाही. खुर्च्या, पट्टे, चादरी, रेनकोट, सगळं मोटेलच्या नाहीतर रस्त्यावरच्या लाँड्रीत धुऊन वाळवून घ्या, ओलं बांधून दिलं की दोन दिवसांत कुबट वास येतो. आइस बॉक्स आतून साबणाने धुवा आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळवा. टॉर्च, रेडिओ, हेडलॅम्प यातले सेल काढून वेगळे द्या, कारण सेल फुटून गळला की आतल्या पट्ट्या गंजतात आणि ज्याला दिलं तो पहिल्यांदा वापरायला जातो नेमका वीज गेलेली असताना.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काम जरा कंटाळवाणं आहे पण ते टाळू नका. जीपीएसमध्ये होम म्हणून सेव्ह केलेला पत्ता काढा. डॅशकॅमचं कार्ड काढून स्वतःकडे ठेवा. जुना अँड्रॉइड फोन किंवा टॅब्लेट रडारसाठी डॅशबोर्डवर लावलेला असेल तर नुसता रीसेट करून देऊ नका, आधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा आणि मग रीसेट करा, नाहीतर समोरच्याने चालू केला की तो तुमचा पासवर्ड मागत बसतो आणि फोनची वीट होते. आयपॅडवर तसंच, फाइंड माय बंद करायचं. सॅटेलाइट कम्युनिकेटरचं सबस्क्रिप्शन बंद करून ते उपकरण तुमच्या अकाउंटमधून काढल्याशिवाय पुढच्या माणसाला ते स्वतःच्या नावावर घेताच येत नाही. हे सगळं तिथे वायफाय असताना करा, मुंबईला आल्यावर कुणीतरी मेसेज करून विचारतं की हे चालू कसं करू, आणि मग तुम्हाला तिकडची रात्र आणि इकडचा दिवस जुळवत बसावं लागतं.

वॉकीटॉकीत भरलेले चॅनेल्स पुसा. त्याबद्दल पुढे सांगतो.

पायरी ४: कुठली वस्तू कुणाला

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळं एका गठ्ठ्यात गुडविलला नेऊन टाकणं सोपं आहे आणि वाईटही नाही, गुडविल ते सामान विकून त्या पैशातून लोकांना नोकरीचं ट्रेनिंग देते, चांगलं काम आहे. पण काही वस्तूंना नेमका माणूस शोधावा लागतो.

वेदर रेडिओ. हा ज्याच्याकडे नाही आणि ज्याला खरंच लागेल अशा स्थानिक माणसालाच द्या, दुकानात नको. मागच्या ट्रिपला पश्चिम ओक्लाहोमातल्या एका मोटेलमध्ये आम्ही तीन रात्री होतो, तिथे खोल्या आवरणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. आमच्या टेबलावरचा रेडिओ बघून त्यांनी विचारलं हे काय आहे, आणि बोलता बोलता कळलं की त्या मोबाइल होममध्ये (पक्का पाया नसलेल्या हलक्या तयार घरात) राहतात, रात्री फोन सायलेंटवर असतो कारण पहाटे पाचला उठायचं असतं, आणि गावाचा सायरन घरात ऐकू येत नाही. आता सायरन हे मुळात घराबाहेर असलेल्या लोकांसाठीच असतात, आणि टोर्नेडोत जीव जातात त्यात मोबाइल होममधल्या माणसांचा वाटा फार मोठा असतो. तर आम्ही लाँड्रीच्या टेबलावर, टॉवेलच्या घड्यांच्या शेजारी, तो रेडिओ त्यांच्यासाठी सेट करून दिला. मी बटणं दाबत नव्हतो हं, त्याच दाबत होत्या, मी फक्त सांगत होतो, कारण वीज जाऊन सेटिंग उडालं तर पुन्हा त्यांनाच करायचंय.

सेट करायचं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. रेडिओला काउंटीचा सहा आकडी कोड द्यावा लागतो, त्याला सेम (SAME) कोड म्हणतात. उदाहरणार्थ ओक्लाहोमातलं एल रिनो ज्या कॅनेडियन काउंटीत आहे तिचा ०४००१७, नॉर्मन ज्या क्लीव्हलँड काउंटीत आहे तिचा ०४००२७. हा कोड दिला की फक्त त्या काउंटीची वॉर्निंग आली की रेडिओ ओरडतो, शेजारच्या दहा काउंट्यांसाठी रात्रभर किंचाळत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण जो रेडिओ उगाच उठवतो तो माणूस तिसऱ्या रात्री बंद करून कपाटात टाकतो. तुम्ही चेस करताना रेडिओ सगळ्या काउंट्यांवर ठेवलेला असणार, तो तसाच दिला तर नेमकं हेच होईल. मग सातपैकी सगळ्यात स्पष्ट ऐकू येणारं स्टेशन निवडा, एका ट्रान्समीटरचा आवाका साधारण ६० किलोमीटरचा असतो. नवे सेल घाला, रेडिओ भिंतीच्या प्लगला लावा म्हणजे सेल फक्त वीज गेल्यावर वापरले जातील. आणि आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आधी, टेस्ट अलर्ट येतो, तो आला का बघा असं सांगून ठेवा. त्या बाईंनी खोक्याच्या झाकणावर स्वतःच्या अक्षरात कोड लिहून घेतला आणि खोकं छातीशी धरून गेल्या. बस, एवढंच, पण मला त्या ट्रिपमधल्या दोन सुपरसेलइतकंच (फिरत्या मोठ्या वादळांइतकंच) ते लक्षात राहिलंय.

हॅम रेडिओ (हौशी लोकांचा वायरलेस) आणि वॉकीटॉकी. इथे चांगल्या मनाने चूक होते. दोन मीटर बँडचा सेट, म्हणजे १४४ ते १४८ मेगाहर्ट्झवाला, ऐकायला कुणीही वापरू शकतो पण बोलायला एफसीसीचं (तिकडच्या सरकारी दूरसंचार नियामकाचं) लायसन्स लागतं. हौसेने मोटेलवाल्यांच्या मुलाला दिला आणि त्याने बटण दाबलं तर तो स्पॉटर लोकांच्या (वादळ बघून हवामान खात्याला कळवणाऱ्यांच्या) चॅनेलवर, नेमकं वादळ चालू असताना, मध्येच बोलेल. म्हणून असे सेट तिथल्या हॅम क्लबलाच द्या, त्या भागात बहुतेक मोठ्या गावांत क्लब असतो आणि स्कायवॉर्नचे (हवामान खात्याच्या स्वयंसेवक योजनेचे) स्पॉटर बऱ्याचदा त्यातलेच असतात. मॅग्नेटवाली अँटेनाही त्यांनाच. तुमचे सेट साधे एफआरएसचे, म्हणजे घरगुती वापराचे, असतील तर काळजी नाही, त्यांना लायसन्स लागत नाही, कुठल्याही कुटुंबाला द्या, पोरं शेतात खेळतील.

हेल्मेट. गारांसाठी आपण सायकलचं नाहीतर स्केटबोर्डचं हेल्मेट घेतो. एकदा जोरात गार बसलेलं किंवा डांबरावर पडलेलं हेल्मेट कुणालाही देऊ नका, आतला फोम एकदाच मार झेलतो, वरून तडा दिसो न दिसो. त्याचे पट्टे कात्रीने कापून मग फेका म्हणजे कुणी उचलून लहान मुलाच्या डोक्यावर घालणार नाही. ज्याला काहीच लागलेलं नाही ते थ्रिफ्ट स्टोअरमध्ये चालेल, पण टोर्नेडोच्या वेळी डोकं वाचवायला हेल्मेट खूप कामाचं असतं म्हणून मी ते शक्यतो लहान मुलं असलेल्या घरात देतो, कपाटात बुटांशेजारी ठेवा असं सांगून. फक्त समोरच्याला असं वाटू देऊ नका की हे घातलं की गारांत उभं राहता येतं. साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० ला पडलेली गार २० सेंटिमीटर व्यासाची आणि पाऊण किलोच्या वर वजनाची होती.

रस्त्यांचे नकाशे. कागदी अ‍ॅटलास जपून द्या, त्यात तुम्ही पेनाने खुणा केलेल्या असतात, कुठला कच्चा रस्ता पावसात चिखल होतो, कुठे नदीवर पूल नाही, कुठे रात्री बारानंतर पेट्रोल मिळतं. नव्या चेसरसाठी याची किंमत नव्या अ‍ॅटलासपेक्षा जास्त आहे. नवा चेसर भेटला नाही तर रस्त्याकडेच्या त्या छोट्या लाकडी पेटीतल्या लायब्ररीत, लिटल फ्री लायब्ररी म्हणतात तिला, ठेवून द्या.

ट्रायपॉड, फोनचे स्टँड, जुना कॅमेरा, पॉवर स्टेशन, वायरी. हे विद्यार्थ्यांना. नॉर्मनला ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत हवामानशास्त्र शिकणारी पोरं आहेत, त्यांच्याकडे उत्साह भरपूर आणि पैसे कमी. तुम्ही डॅलस किंवा डेन्व्हरकडून निघत असाल तर तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळखीतून टाका, ऑगस्टमध्ये नवी मुलं मास्टर्सला येतात तेव्हा खुर्च्या, आइस बॉक्स, चादरी, इन्व्हर्टर, सगळं खपतं, फक्त तोवर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जागा पाहिजे.

गाडी ओढायचा पट्टा, जंपर केबल, फावडं, पेट्रोलचा कॅन, आग विझवायचा सिलिंडर. हे मोटेलच्या काकांना विचारा. त्या भागात हायवेवरची खूप मोटेल्स गुजराती कुटुंबांची आहेत, तुम्ही हिंदीत दोन शब्द बोललात की चहा येतोच, आणि काका लगेच सांगतात कुणाला काय लागतंय ते, त्यांना गावातला प्रत्येक ट्रकवाला माहीत असतो. सिलिंडर देताना काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. छोट्या गावांत फायर स्टेशन बहुधा व्हॉलंटियर लोकांचं असतं, हेडलॅम्प, वर्क ग्लोव्ह्ज, ताडपत्री तिथे विचारून देता येते.

खाणं-पाणी. फक्त सीलबंद, तारीख न उलटलेलं. फूड बँकेला किंवा मोटेलच्या ऑफिसात. औषधं कुणालाही नाही, अगदी साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. फर्स्ट एड बॉक्समधलं जे फोडलेलं नाही तेवढंच.

पायरी ५: देताना खरं सांगा

बाय नथिंगचे (शेजारीपाजारी वस्तू फुकट देण्याचे) ग्रुप जवळपास सगळ्या शहरांत आहेत, फ्रीसायकलही आहे, त्यावर टाकायचं असेल तर दिवसाउजेडी काढलेला फोटो, वस्तूत काय बिघाड आहे तो, आणि कधीपर्यंत न्यायचं ते लिहा. खुर्चीची एक काडी वाकलीय तर वाकलीय लिहा. पहिल्या माणसाला देतो असं म्हणण्यापेक्षा दोन-तीन तास थांबून कुणाला जास्त गरज दिसते ते बघा. भेटायचं ते मोकळ्या, गर्दीच्या पार्किंगमध्ये, बऱ्याच पोलिस स्टेशनांबाहेर अशा देवाणघेवाणीसाठी जागा आखलेल्या असतात. आणि वेळ ठरवताना आकाश बघा, दुपारी चारला कॅप (वादळ दाबून ठेवणारा वरच्या गरम हवेचा थर) फुटणार असेल तर कुणाला चारला बोलावून ताटकळत ठेवू नका.

काही जण दोन आठवडे वापरलेलं सामान दुकानात परत करून पैसे घेतात, नियमात बसतं म्हणून. मला ते पटत नाही. चिखल पुसून परत केलेला पंप दुकान पुन्हा नवा म्हणून विकेल का फेकेल, आपल्याला माहीत नसतं, आणि आपण तर तो वापरून घेतलेला असतो.

नव्या चेसरला देत असाल तर अजून एक गोष्ट. सामानासोबत अर्धा तास द्या. ३१ मे २०१३ ला एल रिनोजवळ जो टोर्नेडो झाला तो ४ किलोमीटरहून रुंद होता, अचानक वळला आणि वेग घेतला, त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारास म्हणजे ज्यांच्या उपकरणाने २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरला टोर्नेडोच्या आत हवेचा दाब १०० मिलिबारने खाली आलेला नोंदवला, इतका अनुभवी माणूस. म्हणून नव्या पोराच्या हातात हेल्मेट आणि रेडिओ ठेवून पाठीवर थाप मारून निघू नका. निघायचा रस्ता आधी कसा ठरवायचा, पावसाने झाकलेल्या टोर्नेडोच्या जवळ का जायचं नाही, हे बोला, आणि हवामान खात्याचं स्कायवॉर्न ट्रेनिंग फुकट असतं ते आधी कर असं सांगा. मी तर हल्ली आधी ट्रेनिंग झालंय का ते विचारतो आणि मगच सामान काढतो.

पायरी ६: गावावर टोर्नेडो येऊन गेला असेल तर

हे होऊ शकतं, तुम्ही ज्या वादळामागे होतात तेच कुठल्यातरी गावावरून गेलेलं असतं. तेव्हा आपल्या हातून काहीतरी द्यावं असं फार वाटतं, डिकीतलं सगळं तिथे नेऊन ओतावं असं वाटतं. तसं करू नका. मदतकार्य करणारे लोक न मागता आलेल्या सामानाला दुसरी आपत्ती म्हणतात, कारण जुन्या कपड्यांचे ढीग निवडायला, ठेवायला, शेवटी फेकायला माणसं लागतात आणि तेवढीच माणसं ढिगारा उपसायला कमी पडतात. शिवाय रस्ते अ‍ॅम्ब्युलन्सना मोकळे हवे असतात. बाहेरच्या गावात थांबा, चर्चमध्ये किंवा मदत केंद्रावर फोन करून विचारा, आज काय हवंय. बऱ्याचदा ताडपत्री, वर्क ग्लोव्ह्ज, हेडलॅम्प, सेल, पाणी, कचऱ्याच्या जाड पिशव्या असंच सांगतात आणि योगायोगाने हे आपल्या डिकीत असतंच. सांगतील तेवढंच द्या. पैसे देता आले तर ते सगळ्यात चांगलं.

पायरी ७: जे देण्यासारखं नाही ते नीट टाका

फुगलेली पॉवर बँक कुणालाही नाही. चांगल्या स्थितीतल्या पण नको असलेल्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांसाठी होम डेपो, लोव्ज अशा दुकानांच्या दाराशी डबे असतात, टोकांना चिकटपट्टी लावून टाका. फुगलेली किंवा फुटलेली मात्र त्या डब्यात नको, आत माणसाला विचारा कुठे द्यायची. गाडीवर लावलेला पिवळा चमकता दिवा कुणाला देऊ नका, तो वापरायचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत आणि पोराटोरांच्या हाती तो गेला तर भलतंच होतं. मी शेवटी तो विकतच घेत नाही.

आणि मग भाड्याची गाडी. काचेवरची सक्शन कपची गोल खूण पुसा, डॅशबोर्डवरच्या वायरींना लावलेली टेप काढा, गाडीच्या ब्लूटूथमधून आपले फोन आणि आधीचे पत्ते डिलीट करा. आम्ही विमानतळाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबून हे करतो, तिथे व्हॅक्यूम असतो, दोन-तीन डॉलरात सगळी लाल माती निघते. सीट पूर्ण मागे सरकवून खाली हात घाला. मागच्या वेळी तिथे केस्ट्रेलची दोरी आणि पाण्याची एक न उघडलेली बाटली निघाली, बाटली पंपावर शेजारी टायर तपासत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दिली, त्याने टोपी काढली आणि विचारलं, आज पाऊस येईल का. मी रडार उघडून त्याला दाखवलं, रात्री नऊनंतर, पश्चिमेकडून, साधा पाऊस.